जित्या माणसाच्या घरी कडू घास

आमच्या आर्णीत माणूस गेला की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारणी पिठलं-भाकर घेऊन जातात, जवळ बसतात, फार बोलत नाहीत. याला कडू घास म्हणतात. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की दुसऱ्या कुठल्या संकटात काय करायचं असतं, हे आम्हाला ठाऊकच नाही. नाहीतर त्या पेंटरच्या घरी आम्ही तसे वागलो नसतो.

तो लहानपणी बापासोबत सीमेपलीकडून आलेला. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. दिवाळीआधी भिंती त्याच्याकडूनच रंगवून घ्यायच्या आणि वर घासाघीसही करायची, असा आमचा प्रेमळपणा. बायको इकडच्या बंगालमधली. पोरगी इथेच जन्मलेली, माझ्यापेक्षा झणझणीत वऱ्हाडी बोलणारी.

एका सकाळी कागदपत्रांच्या चौकशीसाठी पोलिसांनी त्याला कामावरूनच उचललं. घरात फोन एकच, तो त्याच्या खिशात, आणि तो बंद लागत होता.

दुपारपर्यंत आम्ही बाया भाकरी घेऊन त्याच्या बायकोच्या दारात. माझ्या थोरल्या जावेचा शब्द गल्लीत कोणी मोडत नाही. तिनं त्या बाईला चुलीपाशी जाऊच दिलं नाही, हात धरून बसवून ठेवलं. ठाण्याचं काय ते बाप्ये पाहतील, असंही सांगून टाकलं. बाप्यांनी काय पाहिलं? पानठेल्यावर उभं राहून एकमेकांना विचारलं, पुढं काय झालं म्हणून. आम्ही मात्र सकाळ-संध्याकाळ ताटं नेत राहिलो. आपण फार मोठं काही करतोय असं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं. शेजारचे म्हातारबुवा गेले तेव्हा तिनंही वरण-भात रांधून नेला होता, त्यामुळे हे काय चाललंय ते तिला कळायला वेळ लागला नाही. ती जावेकडे न बघता मला म्हणाली, "काकू, माहा माणूस मेला नाही. जित्ता हाये तो. मले भाकर नको, माह्यासंगं ठाण्यात चला."

पोरीला जावेपाशी ठेवून मी तिच्यासोबत निघाले.

ठाण्यात कोणी वाईट बोललं नाही. त्याला इतर लोकांसोबत सकाळीच सीमेकडे रवाना केलं होतं. ओळखीचा एक शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, पहिल्याच दिवशी वकील घेऊन आल्या असत्या तं काही झालं असतं. त्याच्यासाठी कोणी आलंच नाही ना."

वकील आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. त्याची आई गेली तेव्हा मीच भाकरी नेल्या होत्या. तरी त्याच्याकडे आमच्यातलं कोणी गेलं नाही, याची मला अजून लाज वाटते आणि संतापही येतो. पोरीला सांभाळायला एक जण, बाईसोबत जायला एक जण, वकिलाच्या दारात बसायला एक जण. एवढी माणसं तर रोज तिच्या ओट्यावर नुसती बसून होती.

नवऱ्याला शोधायला पोरीला घेऊन ती निघाली. वर्ध्याहून गाडी पकडणार होती. पुढं कुठं उतरायचं, कोणाला भेटायचं, हे तिलाही नीट सांगता येत नव्हतं. आम्ही काय केलं? दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

ती गेली आणि काही दिवसांनी माझ्या शिलाईच्या दुकानात अनोळखी नंबरवरून फोन आला. तोच होता. दुकानाची पाटी त्यानं रंगवली होती, म्हणून माझा नंबर तेवढा त्याला पाठ. पलीकडे सोडून दिलं, कोणाच्या तरी फोनवरून बोलून राह्यलो, म्हणाला. मग म्हणाला, "काकू, जरा तिले फोन देता का?"

ती त्यालाच शोधायला गेलीय, हे मी कसंबसं सांगितलं. त्यानं तिचा नंबर मागितला. नंबर नव्हता. तिच्या हातात एखादा जुना फोन द्यावा, हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

मग त्यानं विचारलं, "पोरगी जेवून गेलती का?"

हो म्हटलं. तेवढंच मला सांगता आलं.