मागाच्या खड्ड्यातलं पिंप

अड्याळच्या आमच्या घरातला हातमाग कधीच बंद पडला, पण त्याच्याखालचा खड्डा कुणी बुजवला नाही. विणणारा त्यात पाय सोडून बसायचा. भर उन्हाळ्यातही तिथली माती गार असते. धाकट्या भावानं तो गारवा हेरला आणि घरी केलेली बिअर आंबवायला तिथं पिंप ठेवलं. आईला ते मुळीच पटलं नव्हतं. तुझ्या आजोबाचे पाय होते तिथं, असं ती येताजाता सुनवायची. तो म्हणायचा, "तो असता तं पयला गिलास त्यालेच लागला असता."

थंडीच्या तोंडावर त्यानं पिंप भरलं आणि त्याच आठवड्यात लाखांदूरहून येताना अपघातात गेला.

मी घरी आले तेव्हा पिंप चालू होतं. झाकणावरच्या वाकड्या नळीतल्या पाण्यातून बुडबुडा निघे, थांबे, पुन्हा निघे. भेटायला आलेल्या बाया बोलता बोलता गप्प होऊन त्या खोलीकडे बघत. तेरवी झाली, माणसं पांगली, आणि आई त्या खोलीच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसू लागली. एका सकाळी तिनं मला हाक मारली.

"बाई, बंद झाला. पाह्य ना, काहून बंद झाला?"

भावाच्या मित्रांचं म्हणणं, झालं असेल, बाटल्या भरून टाका. पण मागच्या सुट्टीत त्यानं मला दाखवलं होतं : बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही, आणि साखर उरली असताना भरलं तर बाटल्या फुटतात. थोडा नमुना काढून त्यात खुणांची काचेची कांडी सोडायची. साखर असेल तर ती वर तरंगते, सरत जाईल तशी खाली बुडते. काही दिवस एकाच खुणेवर राहिली, की संपलं. मी सोडली, तर कांडी बरीच वर राहिली. चव गोड होती. थंडीनं ते खड्ड्यात निजलं होतं.

आम्ही दोघींनी पिंप वर काढलं, चुलीच्या भिंतीशी ठेवलं, त्याला गोधडी गुंडाळली. दुसऱ्या दुपारी नळीतलं पाणी हललं. आईनं जेवणाचं ताट तिथंच घेतलं. मी पुस्तक उघडून बसे आणि वाचत नसे. एक बुडबुडा फुटून दुसरा येईपर्यंत कुणीतरी श्वास धरून माझ्या मागं उभं आहे, असं वाटे.

मग कांडी एका खुणेवर थांबली. एक दिवस सोडून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तीच खूण. चव कोरडी, किंचित कडू. आई माझ्या तोंडाकडं बघत होती.

"संपलं का?"

"हो, माय."

आम्ही बाटल्या उकळत्या पाण्यातून काढल्या. भरण्याआधी मी प्रत्येकीत थोडी साखर टाकू लागले.

"संपलं मनतेस, तं मंग साखर कायले?"

बूच लावल्यावर आत थोडंसं पुन्हा चालू होतं, त्यानंच फेस येतो, असं मी सांगितलं. तिनं माझ्या हातातून चमचा घेतला आणि शिगोशीग भरला. एवढी साखर बाटलीला सोसली नसती. मी तिचं मनगट धरलं आणि वरची रास बोटानं डब्यात पाडली. तिनं पुढची बाटली ओढली आणि चमचा पुन्हा तसाच भरला.