मुशीच्या तेलावरची गाडी

वेंगुर्ल्याच्या त्या काजू कारखान्याची मला आजही शिसारी येते. काजूच्या धुराची नव्हे, तो तर लहानपणापासून नाकातच बसलेला. शिसारी येते ती तिथल्या एका मोटारीखाली काढलेल्या दिवसाची, आणि त्या दिवशी मी जे बोललो नाही त्याची.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. मुंबईच्या गॅरेजात सात-आठ वर्षं काढून मी गावी परतलो होतो. आमच्या बाजूला मोटारी अगदी मोजक्या, त्यामुळे कोणाचीही गाडी अडली की बोलावणं मला यायचं. कारखान्याच्या शेठकडे एक जुनी विलायती मोटार होती. तिचा ड्रायव्हर रेडीचा, माझ्याच वयाचा, अबोल माणूस. एका सकाळी तो सायकलवरून माझ्या दारात आला.

"मेस्त्री, तेलाचो काटो पडता. गाडी थंड आसताना बरो आसता, तापली काय खाली येता."

मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. शेठ कारखान्याच्या पडवीत पान लावत बसला होता. ऐट दाखवायची असली की तो पुस्तकी मराठी बोले.

"उद्या बेळगावला जायचं आहे. मुलीच्या सोयरिकीचं बोलणं आहे. तो काटा काढून टाक आणि भोक बुजव. मीटर बिघडलंय, दुसरं काही नाही."

"मीटर बिघडलाहा काय इंजिन, ता आधी बघतंय," मी म्हटलं. आंबोलीच्या घाटात इंजिन जाम झालं असतं तर सगळ्यांनी मलाच बोल लावला असता.

आधी तेल मोजायची पट्टी काढली. तेल काठोकाठ होतं. पण बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास असा की मला वाटलं, सकाळच्या बांगड्याचा हातच नीट धुतला नसेल. साबणाने हात घासले, पट्टी पुन्हा काढली. वास तोच.

मग मुंबईहून आणलेलं, तेलाचा दाब मोजायचं माझं स्वतःचं मीटर इंजिनाला जोडलं आणि गाडी सुरू केली. इंजिन तापत गेलं तसा माझाही काटा खाली सरकला आणि गाडी जागेवरच संथ चालू ठेवल्यावर शून्याला टेकला. म्हणजे मीटर खरं बोलत होतं. तेल वर चढत नव्हतं. आता खालून उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

गाडीखाली शिरून मी तेलाचा बोल्ट सोडला आणि घमेल्यात जे पडलं त्याच्या भपक्याने डोळ्यांत पाणी आलं. होड्यांना चोपडतात ते मुशी माशाचं तेल! ताज्या तेलाचा वाससुद्धा सोसवत नाही, हे तर इंजिनात महिनोन्‌महिने शिजलेलं. इंजिनाच्या तळाची तेलाची परात उतरवली. तिच्यात बोटभर जाडीचा काळपट साका, आंबलेल्या माशाच्या आतड्यांसारखा लिबलिबीत. तेल ओढून घेणाऱ्या पंपाची जाळी त्यानेच बुजली होती. तो गोळा बोटाने उपसताना मनगटावर ओघळला आणि तिथून बाहीत शिरला. मी कसाबसा बाहेर आलो आणि माडाच्या मुळाशी भडभडून ओकलो. काजू सोलणाऱ्या बायका पदर नाकाला लावून दारात जमल्या. वरची बेअरिंगं पाहिली तर त्यांचा मऊ पांढरा धातू ओरखडून गेला होता.

"इंजिनात ह्या खंयचा तेल घातलंस?" मी ड्रायव्हरला विचारलं.

तो मला कोठीकडे घेऊन गेला. कोठीला कुलूप होतं. कारकुनाने शेठच्या बैठकीतून किल्ली आणून दार उघडलं. आत शेठच्या गलबतासाठी आणलेलं मुशीच्या तेलाचं पीप, त्यावर पत्र्याचं मापटं. बाजूला इंजिन ऑइलचा डबा कोरडा ठणठणीत.

"ह्याच घाल म्हणान शेठनी सांगल्यानी," ड्रायव्हर खाली बघून म्हणाला. "माका बरा वाटाक नाय. पण मी कोण सांगणारो?"

एवढ्यात शेठ खाली उतरला. नाकावर रुमाल. परातीत डोकावला, सभोवती जमलेल्या बायका पाहिल्या आणि ड्रायव्हरवर ओरडला, "चोरा! माझं चांगलं तेल विकलंस आणि इंजिनात ही घाण ओतलीस?"

"शेठनू, तुमीच सांगल्यात..."

बोलणं पुरं व्हायच्या आत शेठने त्याच्या थोबाडीत दिली. मग माझ्याकडे वळला. "तू जाणता माणूस. असलं तेल इंजिनात घाल म्हणून मी सांगेन का?"

मी कोठी पाहिली होती. किल्ली कुठे राहते, ते पाहिलं होतं. आणि मी म्हणालो, "माका काय ठावक?"

दारातल्या बायकांमधली एक पुढे आली. काजूच्या चिकाने तिची बोटं काळी पडून सोलवटलेली. "शेठ, कोठीची किल्ली तर तुमच्याकडेच आसता," ती म्हणाली. बाकीच्या बायका एकेक करत पाटावर परत गेल्या. त्याच दिवशी शेठने ड्रायव्हरला हाकललं, आणि दुसऱ्या सकाळी तिला फाटकातूनच परत पाठवलं. तिचं पोट त्या कारखान्यावर होतं, माझं नव्हतं. तरी बोलली ती.

शेठ भाड्याच्या गाडीने बेळगावला जाऊन आला. मी मात्र इंजिन सोडलं नाही. बेअरिंगं मागवली, बसवली, परात रॉकेलने तीनदा धुतली, नवं ऑइल भरलं. काटा ताठ उभा राहिला. शेठने माझी पाठ थोपटली. तो हात पाठीवर पडला तसा मी वाकून हत्यारं पेटीत भरू लागलो.

पंधरा दिवसांनी मी त्याच्या बैठकीत गेलो. तो एकटाच होता. म्हटलं, "ता तेल तुमच्याच पिपातला. ड्रायव्हरान चोरी करूक नाय."

त्याने वर पाहिलं. या वेळी तो पुस्तकी बोलला नाही. "मगे? माका ठावक नाय, असा वाटता तुका?" आणि तो पुन्हा पत्र वाचू लागला.

मी तसाच रेडीला गेलो. ड्रायव्हर खनिजाच्या लॉरीवर लागला होता. धक्क्याजवळ गाठला, अंगभर लाल धूळ. मी त्याला सांगितलं, "शेठच्या तोंडार खरा काय ता सांगान इलंय."

"कोणासमोर?" त्याने विचारलं.

"तो एकटोच होतो."

त्याने मान हलवली, लॉरीच्या चाकाखाली अडसर म्हणून लावलेला दगड काढला आणि चाकावर पाय देऊन वर चढला.