खिशातला निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जुम्म्याला मशिदीत माझ्या शेजारी बसणाऱ्याला तर नाहीच — कारण तो इस्माईल असतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मध्येच मी बागेचं कौतुक करत बसलो तर समजून घ्या. त्या बागेबद्दल बोलायला मला फार आवडतं, आणि सगळी अडचण तिथंच आहे.

आम्ही रत्नागिरीचे. आमच्या मोहल्ल्यात घरटी एकजण बोटीवर, नाहीतर आखातात. १९९९ साली मी आणि इस्माईल एकाच मालवाहू बोटीवर खलाशी होतो. दोघांची घरं समोरासमोर. त्याची आई, माझी फातमाखाला — तिच्या हातची सांदणं खात मी वाढलो. ऑक्टोबरात बोट जपानातल्या ताकामात्सु बंदराला लागली, फक्त एका दिवसासाठी. एकानं शिडीवर पहारा द्यायचा, दुसऱ्यानं शहर बघायचं. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली.

सकाळी उतरलो तर धक्क्यावर बोटीचा एजंट उभा. मुंबईच्या ऑफिसातून इस्माईलसाठी फॅक्स आला होता, तो त्यानं माझ्या हातात दिला. मी वाचला. खालाच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. आज दुपारी एकपर्यंत ती नाक्यावरच्या एसटीडी बूथवर बसणार, मग मुंबईची गाडी. फोन कर, मुलाशी एकदा बोलायचंय म्हणते.

वर, दहा-बारा पायऱ्यांवर, इस्माईल उभा होता. त्यानं हात केला. मीही केला — आणि कागदाची घडी घालून खिशात टाकली.

का? तेव्हा हिशेब असा केला, की तिकडे आत्ता जेमतेम पहाट, फजरची वेळ, बूथ उघडायलाच अवकाश आहे. आपला एक म्हणजे इथले साडेचार. मी जेवून परत येईन, तेव्हा देईन. आत्ता सांगितलं तर हा हातपाय गाळून बसेल, मग याच्या जागी मलाच उभं करतील आणि माझा दिवस फुकट जाईल. पटतंय का तुम्हाला? मला पटलं होतं.

आणि मग ती बाग. काय सांगू! मी कलमांच्या बागांमधला माणूस, झाडाची निगा म्हणजे काय ते जाणतो. पण तिथं एक म्हातारा शिडीवर चढून पाइनच्या झाडाची सुई न् सुई बोटांनी वेचत होता. अर्धा तास मी बघत राहिलो, तोवर त्याची एक फांदीही पुरी झाली नव्हती. त्याच्या आज्यापणज्यांनी वळवलेली झाडं असावीत ती, तळ्यावर वाकलेली. मागे अख्खा डोंगर, तोसुद्धा बागेसाठीच आणून ठेवल्यासारखा. कमानीच्या लाकडी पुलावर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून आपोआप सुभानल्लाह निघालं. डोळे भरून आले. खिशात तो कागद होता, आणि माझे डोळे बागेनं भरून आले होते — लक्षात येतंय ना?

दुपारी एका छोट्या दुकानात शिरलो. बोटाएवढ्या जाड शेवया, त्यांना उदोन म्हणतात. रश्शात डुक्कर तर नाही ना, हे खुणेनं विचारायची माझी धडपड बघून दुकानवाली हसली आणि तिनं सुक्या माशांची बरणी माझ्या नाकाशी धरली. अगदी आपल्या सुकटीसारखा वास! दोन वाडगे खाल्ले. बाहेर आलो तेव्हा घड्याळात दीड वाजला होता. तिकडे दहा. बूथ उघडलं असणार.

तिथून बोट वीस मिनिटांवर होती. बेटांना जाणारी फेरीबोटही तिथंच, समोर, सुटायच्या बेतात. बेटावरून परत सुटायची वेळ पाटीवर लिहिलेली होती — पाच वाजता. ती मी वाचली. नीट वाचली. आणि चढलो.

ही ती गोष्ट. सकाळचं सोडा, सकाळी मी स्वतःला फसवलं. दुपारी मला कुणीच फसवलं नाही.

आपला समुद्र उघडा, आदळणारा. तिथला समुद्र तळ्यासारखा निजलेला, आणि जिकडे बघावं तिकडे बेटं, बेटामागे बेट, शेवटची तर आभाळात विरघळलेली. मी डेकवर कठड्याला धरून उभा होतो. जन्मात इतका आनंद मला झाला नाही. लग्नात नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही. साडेचार वाजले तेव्हा मी एका बेटावर पायऱ्यांवर बसून संत्रं सोलत होतो. घड्याळ बघितलं होतं.

बोटीवर पोचून कागद इस्माईलला दिला. म्हटलं, एजंट आत्ताच गेटवर भेटला, धावत आलो. तो बंदरावरच्या फोनकडे पळाला. बूथवाल्यानं सांगितलं, गाडी गेली. खाला दहापासून बसून होती. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलेलं, तर दोन दिवस घरात कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती, मुलासाठी आवाज राखून ठेवला होता. इस्माईल परत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू धावत आनलास रे, नायतर मना कळलाच नसता." दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. ती इस्पितळात होती, वॉर्डात फोन नव्हता.

खाला त्यानंतर सात वर्षं जगली. तिला काय बोलायचं होतं? इस्माईलनं खुणांनी पुष्कळदा विचारलं. ती नुसतं हसून त्याच्या गालावरून हात फिरवायची.

मी सुट्टीवर आलो की ती मला बोलावून घ्यायची. हातानं हवेत झाड काढून दाखवायची, म्हणजे त्या बागेचं सांग. मी सांगायचो. पूल, तळं, सुया वेचणारा म्हातारा, बेटं — रंगवून सांगायचो, आणि ती मान डोलवत ऐकायची, इस्माईल कौतुकानं बघायचा. बाग मला अजूनही तितकीच सुंदर वाटते. ती एकदाही विटली नाही.

शेवटच्या वेळी गेलो तेव्हा ती अंथरुणावर होती. इस्माईल तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाला, "मा, निरोप घेऊन धावत आल्ता तो ह्योच." तिनं मला जवळ बसवलं, हात उचलले आणि माझ्यासाठी दुआ मागितली. बराच वेळ तिचे ओठ हलत होते, आवाज काहीच नाही. दुआ संपवून तिनं स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवले तेव्हा मी म्हटलं — आमीन.