मारुतीशी भांडलो तो शनिवार

मारुतीला मी लहानपणापासून मानतो, पण त्या शनिवारी छावणीतल्या त्याच्या देवळात गेलो तो भांडायलाच. तेलाची बाटली मुद्दाम घरी ठेवली होती.

शेंद्रा गावची माझी भाची आमच्याकडे राहून डॉक्टरकी शिकत होती. पुस्तकातलं सगळं पाठ; पण वॉर्डात खाटेपाशी उभं राहून केस सांगायची म्हटलं, की तिची वाचा बसायची. परवा सर सगळ्या रुग्णांदेखत म्हणाले, "गावाकडं जा, गोवऱ्या थाप." अख्खा वॉर्ड हसला. परीक्षा महिन्यावर आली आणि हिनं बॅग भरली. "मामा, मला नाय जमायचं. उद्या आईकडं जाते."

शिकवायचा पगार घ्यायचा आणि अडलेल्या पोरीला हसायचं, ही कुठली रीत? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरांपर्यंत हात पोचेना, म्हणून देवाला धरलं.

"तुला तरी कुठं औषधाची मुळी ओळखता आली?" मी मोठ्यानंच विचारलं. "अख्खा डोंगर उचलून आणलास. तेव्हा तुला कुणी हसलं? घरी धाडलं? मग माझ्याच पोरीला का?"

मागून हसू ऐकू आलं. हातात रुईची माळ घेतलेल्या एक वयस्कर बाई उभ्या होत्या. "त्या डोंगरातली मुळी सुषेण वैद्यानं मुकाट शोधून घेतली," त्या म्हणाल्या. "शिकवणारा तसा लागतो. कोण अडलंय तुमचं?"

त्या डॉक्टरकीच्याच निवृत्त प्राध्यापिका निघाल्या. एरवी दुसऱ्या मारुतीला जायच्या. त्या दिवशी क्रांती चौकात रस्ता बंद, म्हणून रिक्षा इकडं वळली. मी काही सिद्ध करत नाही, घडलं तसं सांगतो.

माझ्याबरोबर घरी येऊन भाचीची बॅग त्यांनीच उघडायला लावली. मग रोज संध्याकाळी त्या घरी यायच्या. सरावाला रुग्ण मी. दिवाणावर पडून असा खोकायचो, की शेजारच्या भाभी काढा घेऊन धावत आल्या. "भाईसाब, जारे क्या तुम?" मी आता जातोच, असं त्यांना वाटलं. भाची अडली तरी बाई घाई करत नसत. "आधी मामांना तुझ्या बोलीत सांग, त्यांना काय झालंय."

"मामा, तुमच्या छातीत पाणी झालंय."

मग तेच इंग्रजीत. जीभ सुटत गेली, इतकी की एकदा मलाच झापलं, "नाटक कमी करा, छातीचा आवाज ऐकू येईना."

परीक्षेत ती अडलीच. मग खाटेवरच्या म्हातारीकडं वळून म्हणाली, "आजी, तुमचं दुखणं सरांना सांगते. चुकलं तर टोका." आणि सांगत गेली. पास झाली.

सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. देवानं बाईंना धाडलं म्हणून कॉलेजला शिकवायचं काम माफ होत नाही, हेही मी मारुतीला बजावलंय. पण एक कळलं: त्याच्या पायाशी ओझं तावातावानं आपटलं, तरी तो ते उचलतो. भांडायला मी अजूनही जातो. फक्त आता तेल आधी घालतो.