अंघोळीचा नंबर

ज्या माणसाच्या अंघोळीचं पाणी मी एकदा झाडांना घातलं होतं, तो माणूस आज पहाटे गेला.

मेसेज आल्यापासून नुसता आत-बाहेर करतोय. दोनदा चहा गार झाला.

ऑफिसला सुट्टी टाकली. कारणात लिहिलं, "वडील वारले." साहेबांचा लगेच फोन. "अरे, तुझे वडील तर तू पाचवीत असतानाच..."

आता त्यांना काय काय सांगू?

इंजिनिअरिंगला असताना कॉलेजनं एक्स्चेंजवर जपानला पाठवलं होतं. सहा महिने एका घरात राहिलो. नवरा-बायको आणि त्यांची मुलगी. नवरा म्हणजे रिटायर्ड पोस्टमन. घरात सगळे त्यांना ओतोसान म्हणायचे, म्हणजे बाबा. म्हणून मीही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेच ते वर्ष. आमच्या उदगीरला टँकरची वाट. आई घमेल्यात बसून अंघोळ करायची आणि ते पाणी संडासाला वापरायची.

पहिल्या संध्याकाळी ओतोसाननी बाथरूम दाखवलं. गरम पाण्यानं भरलेला मोठा टब. आधी बाहेर स्टुलावर बसून अंग घासून धुवायचं, मग टबात बसायचं. पाहुणा म्हणून पहिला नंबर माझा.

पुढचं कोणी सांगितलं नाही.

अंघोळ झाली. समोर एवढं पाणी. सोडून द्यायचं? मी माझ्या आईचा पोरगा. बादली घेतली, मागच्या दारानं पंधरा-वीस खेपा केल्या आणि त्यांची अख्खी बाग भिजवली. टब घासून पण ठेवला.

शाबासकी घ्यायला बाहेर आलो, तर तिघं टॉवेल घेऊन उभे.

त्याच पाण्यात सगळ्या घराची अंघोळ होते, हे मला तेव्हा कळलं.

ओतोसाननी रिकामा टब बघितला. ओली बाग बघितली. आणि हसत हसत खालीच बसले.

मी मात्र लाजेनं मेलो.

दुसऱ्या दिवसापासून टबात बसणंच बंद केलं. बाहेरच एका बादलीत उरकायचो. लाज होतीच, पण आईचा फोनही यायचा. "आज बी टँकर न्हाई आला रे. तू जेवलास का?"

तिला तांब्याभर पाणी मिळेना आणि मी गळ्यापर्यंत पाण्यात बसू?

त्या घराला वाटलं, पाहुण्याला आपलं घर आवडलं नाही. ओतोसानचा हट्ट असा, की पाहुण्याच्या आधी टबात जायचं नाही. मी बसेना, म्हणून तेही बसेनात. एप्रिलमध्येसुद्धा तिकडं बोचरी थंडी, त्यांचे गुडघे दुखायचे. तरी आठ दिवस ऐकले नाहीत.

शेवटी मी त्यांना टँकरच्या रांगेचा व्हिडिओ दाखवला. मोडक्या जपानीत म्हणालो, "ही माझी आई. तिच्याकडं पाणी नाही."

त्यांनी तो तीनदा बघितला. मग हाताला धरून बाथरूममध्ये नेलं. टबातून वॉशिंग मशीनमध्ये जाणारा पाइप दाखवला.

"हे पाणी तुझ्या एकट्याचं नाही. आज चौघांचं, उद्या कपड्यांचं. तू बसला नाहीस तरी एवढंच लागणार. बस."

बसलो. आणि पोटभर रडलो. तासभर कोणी दार वाजवलं नाही.

परत आल्यावर दर नववर्षाला त्यांचा व्हिडिओ कॉल. प्रश्न दोनच. आमचं उदगीर जिल्हा होणार, झाला की पेढे वाटू, असं मीच तिकडं सांगून ठेवलं होतं.

"आईकडं पाणी आलं?"

"हो."

"उदगीर जिल्हा झाला?"

"होणार आहे."

"झाला की येतो. पेढे खायला."

अहो, तो जिल्हा काही झाला नाही! मीच तिकीट काढून तुम्हाला आणायला पाहिजे होतं. दरवर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिलो. सकाळपासून हेच टोचतंय.

दुपारी आईला सांगितलं, "जपानचे बाबा गेले."

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "अंघोळ केलास?"

"सकाळीच केली."

"तसली न्हाई. बाप गेल्यावर डोक्यावरून पाणी घ्यावं लागतंय, लेकरा. ऊठ."

आणि त्या वर्षी तांब्या-तांब्या मोजणाऱ्या माझ्या आईनं स्वतः माझी बादली काठोकाठ भरली.

ओतोसान, सहा महिने मी आधी, मग तुम्ही. एकदाही नंबर मोडला नाहीत.

आज मोडलात.

तुमच्या उदगीरच्या पोराचा शेवटचा नमस्कार.