बटणासमोर उभे न राहणारे आमचे साडू

अख्ख्या सिंगापुरात विजेला आमच्या साडूंइतका मान देणारा माणूस झाला नाही. नवा जावई सासऱ्यांसमोर जसा अंग चोरून उभा राहतो, तसे ते साध्या पंख्याच्या बटणाशी उभे राहत. बाजूला सरकायचं, तोंड दुसरीकडे फिरवायचं, श्वास रोखायचा आणि हात लांब करून बटण दाबायचं. "पपा, इट्स ओन्ली अ फॅन, लाह!" मुलगी वैतागायची. चोआ चू कांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर टोस्टरभोवती पिवळी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीच्या आत हात घालायचा तर अंगावरचा सगळा धातू उतरवायचा, असा नियम. माझ्या मेहुणीने मंगळसूत्र काढून पाव भाजायला साफ नकार दिला, तेव्हापासून त्या घरात पाव तव्यावर भाजला जाऊ लागला. पॉलिएस्टरशी तर त्यांचं हाडवैर, कारण ते वितळून अंगाला चिकटतं. गणपतीच्या आरतीत त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांचा चकचकीत कुर्ता चिमटीत धरला आणि गंभीरपणे म्हणाले, "हा वितळेल." अध्यक्ष पुढची सगळी आरती निरांजनापासून चार हात लांब उभे होते.

नोकरीही विजेचीच. एका कारखान्यातल्या विजेच्या मोठमोठ्या पॅनेलांची देखरेख. अशा पॅनेलात कधीकधी वीज तार सोडून हवेतूनच उडी घेते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तांबं वितळवणारा भडका उडतो. त्याला ते आर्क फ्लॅश म्हणत, तेही आवाज खाली आणून, जणू तो शेजारच्या खोलीत बसून ऐकतोय.

एकदा दुरुस्तीनंतर पॅनेलचा मोठा ब्रेकर, म्हणजे मुख्य खटका, चालू करायचा होता. तो खोलीबाहेरून दाबता यावा म्हणून साडू लांबलचक वायरीला बटण जोडत बसले. मॅनेजर घड्याळ दाखवू लागला. "जस्ट ऑन ओन्ली, लाह! व्हाय सो लाँग?" वीस वर्षं हातानेच ब्रेकर चढवणारे रहीम नावाचे मलय टेक्निशियनही हसले, "बॉस, आय डू. वन सेकंद." साडूंनी त्यांना चक्क दंडाला धरून बाहेर काढलं, दार लावलं, सगळ्यांना कॉरिडॉरच्या टोकाला नेलं आणि बटण दाबलं.

असा धडाका झाला की मॅनेजर खालीच बसला. धूर निवळल्यावर पाहिलं तर पॅनेलचा दरवाजा उखडून समोरच्या भिंतीवर आदळला होता. पॅनेल आणि भिंतीच्या मधल्या त्याच जागेत उभं राहून रहीम ब्रेकर चढवायचे.

मला वाटलं, आता साडू वर्षभर फुशारकी मारणार. संध्याकाळी गेलो, तर सोफ्यावर नुसते बसून होते. "तीन मुली आहेत रे रहीमना," एवढंच म्हणाले.

पुढे निवृत्त होऊन ते पुण्याला परत गेले. मध्यंतरी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, मला रहीम भेटले. आपल्या धाकट्या मुलीच्या लग्नातला फोटो त्यांनी साडूंना पाठवायला सांगितला. मी पाठवला आणि लगेच साडूंचा फोन आला. यात रहीम कुठले, असं विचारत होते. चष्मा सापडत नव्हता म्हणे.

"मधले," मी म्हटलं, "मुलीचा हात धरून हसतायत ते."

साडूंनी तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.