जपून ठेवलेलं सर्टिफिकेट

वस्तू जपून ठेवायची माझी खोड जुनीच. नवी चादर पाहुण्यांसाठी, चांगले कप दिवाळीसाठी. इथे इंग्लंडमध्ये वीर झाला तेव्हा मिडवाइफने सर्टिफिकेट मिळवून दिलं: गरोदरपणात आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत आईला एनएचएसचा, म्हणजे सरकारी, डेंटिस्ट फुकट. मी म्हटलं, असू दे, काहीतरी मोठं निघालं की वापरू. माझा नवरा पुष्कर "निदान चेकअप तरी करून घे" म्हणून मागे लागला होता. पण मी कशाला ऐकतेय!

सासूबाईंनी नागपूरहून पाठवलेले बाळंतिणीचे डिंकाचे लाडूही मी असेच पुरवून पुरवून खाल्ले. वीरच्या पहिल्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी शेवटचा लाडू चावला आणि माझ्या दाढेचा तुकडा पडला. लाडू शाबूत.

इथे रीडिंग गावातल्या डेंटिस्टकडे गेले आणि रिसेप्शनवरच्या बाईंना साळसूदपणे विचारलं, "सर्टिफिकेट कालच संपलंय. रिन्यू होईल ना?"

"होईल की," त्या गोड हसून म्हणाल्या, "परत प्रेग्नंट राहिलात की लगेच."

प्रॅममध्ये वीर, दात येत असल्यामुळे, टाहो फोडत होता. मी बँकेचं कार्ड पुढे केलं.